माध्यम की परिसर? हवाई बेटे, जत आणि मोहगाव

बाळशास्त्री जांभेकरांनी ६ जानेवारी १८३२ रोजी 'दर्पण' सुरू केले. त्यानंतर दोनच वर्षांनी, १८३४ मध्ये, पॅसिफिक महासागरातल्या हवाई बेटांवर लाहाइनालुना इथल्या शाळेच्या छापखान्यातून 'का लामा हवाई' निघाले. हवाईयन भाषेतले ते पहिले वृत्तपत्र. १८४० मध्ये तिसऱ्या कामेहामेहा राजाच्या कारकिर्दीत तिथे सार्वजनिक शाळांची व्यवस्था उभी राहिली आणि त्या शाळांची भाषा हवाईयन होती. पुढच्या शतकभरात या भाषेत शंभरच्या आसपास वृत्तपत्रे निघाली. त्यांची पाने मोजली तर लाखाच्या वर जातात. इतके छापील वैभव असलेल्या या भाषेची अवस्था १९८० च्या सुमारास अशी होती, की ती घरात बोलणारी अठरा वर्षांखालची मुले पन्नासही उरली नव्हती.

दोन भाषांचा वृत्तपत्रीय जन्म जवळपास एकाच वेळचा आणि पुढचा प्रवास इतका वेगळा. मराठीला ३ ऑक्टोबर २०२४ रोजी अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. परंपरा आहे, ग्रंथसंपदा आहे, म्हणून भाषा टिकेल, असा दिलासा त्यातून आपण घेतला. हवाईयनचा इतिहास हा दिलासा देत नाही. म्हणूनच तो नीट वाचायला हवा, आणि तो आपल्याकडे नीट वाचला जात नाही अशी माझी तक्रार आहे.

भाषेवरच्या आपल्या भाषणांतून आणि लेखांतून हिब्रू, माओरी, हवाईयन ही नावे ओळीने येतात. कथा साधारण एकाच साच्याची असते. परक्या सत्तेने बंदी घातली, भाषा मरणाला टेकली, मग लोकांची अस्मिता जागी झाली आणि भाषा पुन्हा जिवंत झाली. हवाईपुरते बोलायचे तर या कथेची सुरुवातही अर्धी आहे आणि शेवटही.

सुरुवात आधी पाहू. १८९३ मध्ये हवाईची राणी लिलिउओकालानी हिला पदच्युत करण्यात आले. नव्या प्रजासत्ताकाने १८९६ मध्ये कायदा करून सरकारी व खासगी अशा सर्व शाळांत इंग्रजी हेच शिक्षणाचे माध्यम ठरवले. १८९८ मध्ये बेटे अमेरिकेत विलीन झाली. एवढे सर्वांना माहीत असते. पण हा कायदा झाला तेव्हा हवाईयन माध्यमाच्या शाळांत मुले अगदी मोजकी उरली होती. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून, म्हणजे स्वतःचे राज्य, स्वतःचा राजा असतानाच, सरकारी इंग्रजी शाळा वाढू लागल्या होत्या. चांगला पैसा, चांगले पगार आणि पुढची नोकरी तिकडे होती. हवाईयन शाळा म्हणजे गरिबांची शाळा, हे समीकरण तयार झाले आणि पालक एकेक करून तिकडे वळले. १८९६ च्या कायद्याने कुलूप लावले ते जवळजवळ रिकाम्या झालेल्या घराला. त्या कुलपाने परतीची वाट बंद केली, हे खरेच. पण घर रिकामे करायला बंदीची गरज लागली नव्हती.

हा तपशील मला फार महत्त्वाचा वाटतो. मराठी शाळेवर कोणी बंदी घातलेली नाही. तिचा पट कमी झाला तो याच पद्धतीने, तालुक्याच्या गावात आणि आता खेड्यातही. तेव्हा आपण ज्या शत्रूची वाट पाहतो आहोत तो यायची गरजच नसते, हे हवाईच्या इतिहासातून शिकायचे पहिले.

आता शेवट. १९७८ मध्ये हवाई राज्याच्या घटनेत दुरुस्ती होऊन हवाईयनला इंग्रजीबरोबर अधिकृत भाषेचे स्थान मिळाले आणि सार्वजनिक शाळांतून हवाईयन भाषा, संस्कृती व इतिहास यांच्या शिक्षणाची जबाबदारी राज्यावर आली. अस्मितेचा विजय म्हणावा असा हा क्षण. पण त्यानेही शाळेचे माध्यम बदलले नाही. १८९६ चे माध्यमाचे बंधन तसेच राहिले. १९८३ मध्ये काही शिक्षक आणि पालकांनी 'आहा पूनाना लेओ' ही संस्था काढली. पूनाना लेओ म्हणजे आवाजांचे घरटे. न्यूझीलंडमध्ये माओरी लोकांनी वर्षभर आधी सुरू केलेल्या 'भाषेच्या घरट्यां'वरून ही कल्पना आली होती. १९८४ मध्ये काउआई बेटावर केकाहा इथे पहिली बालवाडी सुरू झाली. तिथे दिवसभर फक्त हवाईयन बोलायची, एवढाच तिचा अभ्यासक्रम. ही बालवाडी कायद्याच्या चौकटीत बसत नव्हती. भाषा येणाऱ्या म्हाताऱ्या माणसांकडे शिक्षकाची पदविका नव्हती आणि पदविका असणाऱ्यांना भाषा येत नव्हती. पालकांनी विधिमंडळाचे उंबरे झिजवले. १९८६ मध्ये कायदा बदलला, नव्वद वर्षांची अडचण दूर झाली आणि १९८७ मध्ये दोन सरकारी शाळांत हवाईयन माध्यमाचे वर्ग सुरू झाले. बालवाडीतून बाहेर पडलेली मुले पहिलीत गेली, ती दुसरीत गेली तसा पुढचा वर्ग उघडत गेला. १९९९ मध्ये बारावीपर्यंत हवाईयनमधून शिकलेली पहिली मुले बाहेर पडली. हिलोजवळच्या ज्या शाळेतून त्यांतली काही बाहेर पडली तिला नाव आहे जोसेफ नावाही या संपादक-राजकारण्याचे. १८९५ मध्ये 'के आलोहा आइना' हे पत्र काढणारा हा माणूस, माध्यमाचा कायदा झाला त्याच वर्षी वारला.

या वर्गांना तिथे जो शब्द वापरतात तो 'काइआपुनी'. त्याचा साधा अर्थ सभोवताल, परिसर. आपण 'माध्यम' म्हणतो. माध्यम म्हणजे ज्यातून काहीतरी पलीकडे न्यायचे ते. नळ मराठीचा की इंग्रजीचा, पाणी तेच, असा समज त्या शब्दात दडलेला आहे. मग वाद एवढाच उरतो की कोणत्या नळातून पाणी लवकर येते. परिसर म्हटले की प्रश्न बदलतात. मैदानावर कोणती भाषा आहे? शिपाई, स्वयंपाकीण मुलांशी कशात बोलतात? परीक्षा कोणत्या भाषेत होते? शिक्षक कोण नेमतो? शाळा कोणाची आहे?

या शेवटच्या प्रश्नाला हवाईने दिलेले उत्तर म्हणजे १९९९ च्या कायद्याने आलेल्या तिथल्या सार्वजनिक 'चार्टर' शाळा. ही व्यवस्था आपल्याकडे नाही, म्हणून थोडे सविस्तर सांगतो. चार्टर म्हणजे सनद. शाळा सार्वजनिकच असते, फी नसते, दर मुलामागे राज्याचा पैसा मिळतो. पण ती चालवते स्थानिक नियामक मंडळ. शाळेचे ध्येय काय, भाषा कोणती, अभ्यास कसा, शिक्षक कोण, हे ते मंडळ ठरवते. त्याबदल्यात राज्याशी करार असतो. तो पाळला गेला नाही तर सनद काढून घेता येते. हवाईयनमधून शिकवणाऱ्या अर्धा डझन शाळांनी ही वाट धरली. बाकीचे काइआपुनी वर्ग नेहमीच्या सरकारी शाळांतच राहिले. म्हणजे पैसा सर्वांचा आणि निर्णय गावाचा, अशी सांगड.

ही सांगड घातली की सगळे सुरळीत झाले असे नाही, आणि तसे सांगणे म्हणजे पुन्हा तीच अर्धी कथा. अमेरिकेत चार्टर शाळांवर मोठी टीका आहे. सार्वजनिक शाळांचा पैसा आणि मुले त्या पळवतात, खासगीकरणाला मागचे दार उघडून देतात, असे शिक्षक संघटना म्हणतात. हवाईत या शाळांना इमारतींसाठी पुरेसा निधी मिळत नाही ही कायमची रड आहे. परीक्षांवरून तर झगडाच झाला. मुले शिकणार हवाईयनमधून आणि राज्य तपासणार इंग्रजीतून. त्या गुणांवर शाळा नापास ठरणार. पालकांनी मुलांना परीक्षेला बसवायचे नाकारले. पुढे २०१५ च्या सुमारास मुळातून हवाईयनमध्ये रचलेली चाचणी आली. भाषांतरित प्रश्नपत्रिका त्यांनी आधी पाहिल्या होत्या आणि त्या नाकारल्या होत्या.

कोणती हवाईयन, हाही वाद आहे. निहाऊ या छोट्या खासगी बेटावर ही भाषा कधी तुटलीच नाही. तिथल्या लोकांची बोली आणि विद्यापीठात शिकून आलेल्या शिक्षकांची भाषा यांत फरक आहे. निहाऊच्या कुटुंबांसाठी केकाहा परिसरात दोन चार्टर शाळा आहेत. एकीत निहाऊच्या बोलीला पहिले स्थान, दुसरीत इंग्रजीलाही मोठी जागा. मूठभर लोकांच्या समाजातही भाषेविषयी एकमत नाही. मला यात दुबळेपणा दिसत नाही. मतभेद असलेल्या दोन्ही गटांना आपापली शाळा चालवता येते, हे महत्त्वाचे वाटते.

सर्वांत बोलका प्रसंग लानाई बेटावरचा. तिथल्या एकमेव सरकारी शाळेत हवाईयन माध्यमाचा वर्ग नव्हता, कारण शिक्षक मिळत नव्हता. एक आई आपल्या मुलींसाठी न्यायालयात गेली. २०१९ मध्ये हवाईच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की घटनेनुसार हवाईयन माध्यमाचे शिक्षण उपलब्ध व्हावे यासाठी सर्व वाजवी प्रयत्न करणे राज्यावर बंधनकारक आहे. शिक्षक नाही, ही सबब पुरत नाही. तो मिळावा म्हणून काय काय केले ते राज्याने दाखवायचे.

इथून मी घरी येतो. विट्यात बसून हवाईवर लिहिण्याचे कारण इथेच आहे.

आमच्या खानापूर, आटपाडी भागातली माणसे सोने-चांदी गाळण्याच्या कामासाठी केरळ, तमिळनाडूपासून थेट उत्तरेपर्यंत पसरली आहेत. गलाईवाल्यांच्या घरात मराठी, दुकानात मल्याळम किंवा तमिळ आणि पोरांच्या शाळेत बहुधा इंग्रजी. भाषिक अल्पसंख्य असणे म्हणजे काय, हे या तालुक्याला पुस्तकातून शिकावे लागत नाही. आणि बेळगावच्या मराठी शाळांचे काय होते, याची काळजी तर महाराष्ट्रभर आहे. राज्यघटनेत १९५६ च्या सातव्या दुरुस्तीने आलेले ३५० अ हे कलम भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक टप्प्यावर मातृभाषेतून शिक्षणाची सोय करायला प्रत्येक राज्याला सांगते. बेळगावसाठी आपण त्याचाच आधार घेतो.

पण हेच कलम आमच्या सांगली जिल्ह्यातल्या जत तालुक्यालाही लागू आहे. तिथल्या पूर्व आणि दक्षिण भागात कन्नड बोलणारी गावे आहेत, जिल्हा परिषदेच्या कन्नड शाळा आहेत. महाराष्ट्राच्या बाजूने सांगायची गोष्ट अशी की बालभारती मराठी, हिंदी, इंग्रजी, उर्दू, गुजराती, सिंधी, तेलुगू यांबरोबर कन्नडमध्येही पाठ्यपुस्तके काढते. हे लहान काम नाही. तरीही २०२४ मध्ये जतच्या कन्नड शाळांवर कन्नड न येणारे मराठी शिक्षक नेमले गेल्याच्या बातम्या आल्या आणि कर्नाटकातून त्याला आक्षेप घेतला गेला. आपल्याकडे त्याची चर्चा झाली ती सीमावादाच्या सुरात. २०२२ च्या नोव्हेंबरात कर्नाटकाचे मुख्यमंत्री बसवराज बोम्मई यांनी जतच्या गावांवर दावा सांगितला होता, त्याची आठवण निघाली. त्या गावांची मूळ तक्रार पाण्याची होती, हे तेव्हाही बाजूला पडले होते. या खेपेला सहा-सात वर्षांचे कन्नड पोर बाजूला पडले. पुस्तक कन्नड, पाटी कन्नड आणि शिकवणाऱ्याला कन्नड येत नाही. लानाई आणि जत यांत काय फरक? अडचण एकच, शिक्षकाची. एका ठिकाणी ती अडचण राज्याला न्यायालयात समजावून सांगावी लागली. दुसऱ्या ठिकाणी ती बदलीच्या यादीतली एक ओळ होती.

या सगळ्या काळात आपण भाषेवर कमी बोललो असे नाही. २०२५ च्या एप्रिलमध्ये पहिलीपासून हिंदी आणण्याचा शासन निर्णय निघाला, जूनअखेर तो मागे घ्यावा लागला. त्या आंदोलनात मीही मनाने होतो. पण त्या वादात जे माझ्या वाचनात आले, त्यात पहिलीच्या मुलावर कोणती भाषा लादू नये, हे ठासून सांगितले होते. महाराष्ट्रात पहिलीत येणाऱ्या ज्या मुलाची घरची भाषा मराठी नाही, त्याच्या दृष्टीने मराठी काय आहे, हा प्रश्न मात्र क्वचितच दिसला. तो विचारल्याने मराठीची बाजू दुबळी झाली नसती. उलट, लहान मुलाची घरची भाषा हा आपला मुद्दा तत्त्वाचा आहे, सोयीचा नाही, हे सिद्ध झाले असते.

या प्रश्नाचे सर्वांत टोकदार रूप गडचिरोलीत आहे. धानोरा तालुक्यातल्या मोहगावात ग्रामसभेने २०१९ मध्ये गोंडीतून शिकवणारी शाळा काढली. गोटुल या आपल्या जुन्या संस्थेचे नाव तिला दिले. २०११ च्या जनगणनेत गोंडी मातृभाषा सांगणारे देशात सुमारे तीस लाख लोक आहेत. हवाईयनच्या पन्नास मुलांशी ही संख्या ताडून पाहावी. पण गोंडी आठव्या अनुसूचीत नाही, बालभारतीच्या माध्यमांच्या यादीत नाही. शिक्षण खात्याने ही शाळा अनधिकृत ठरवली आणि प्रकरण उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापर्यंत गेले.

कायद्याच्या अक्षराने खाते चुकले असे म्हणता येणार नाही, आणि अडचण नेमकी तिथेच आहे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याचे कलम १८ म्हणते की मान्यतेशिवाय शाळा चालवता येणार नाही. चालवली तर एक लाखापर्यंत दंड आणि पुढे दररोज दहा हजारांपर्यंत. त्याच कायद्याचे कलम २९ म्हणते की शिक्षणाचे माध्यम, व्यवहार्य असेल तितके, मुलाची मातृभाषा असावे. एका कलमात दंडाचा आकडा आहे, दुसऱ्यात 'व्यवहार्य असेल तितके'. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही घरच्या भाषेपुढे 'शक्य असेल तिथे' आहेच. लानाईच्या निकालातही 'वाजवी प्रयत्न' असा सैल शब्द आहे, हे मान्य. फरक असा की तिथे शब्दाचे ओझे राज्याच्या खांद्यावर ठेवले गेले. आपल्याकडे काय शक्य नाही, हे राज्य ठरवते आणि ते गावाला कळवते.

महाराष्ट्रात शाळेला उभे राहायला तीन चौकटी आहेत. जिल्हा परिषदेची किंवा नगरपालिकेची शाळा: पैसा आहे, निर्णय वर होतो. अनुदानित खासगी शाळा: पैसा आहे, पण नवे अनुदान मिळणे म्हणजे पिढ्यांची प्रतीक्षा. आणि २०१२ च्या कायद्याने आलेली स्वयंअर्थसहाय्यित शाळा: निर्णय तुमचा, पैसाही तुमचा. ज्याच्याकडे भांडवल आहे तो या तिसऱ्या चौकटीत शिरतो, आणि भांडवल फीच्या रूपाने परत यायला हवे. या वाटेने आलेल्या शाळांच्या पाट्या आपल्या आसपास पाहाव्यात. माध्यम कोणते ते वेगळे सांगावे लागत नाही. पैसा सार्वजनिक आणि निर्णय गावाचा, ही चौथी चौकट आपल्याकडे नाही. मोहगावची शाळा त्या नसलेल्या चौकटीतली आहे, म्हणून ती अनधिकृत. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कर्नाटकाच्या प्रकरणात सांगितले की मातृभाषेचे माध्यम राज्याला सक्तीने लादता येणार नाही. त्यावर आपण हळहळलो. पण सक्ती करता येत नाही म्हणजे चांगली शाळा उभी करता येत नाही, असे त्या निकालात कुठे नाही.

व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' १९५५ सालची. माणदेशचे चित्र, धनगरी जीवन, दुष्काळ या अंगांनी तिच्यावर पुष्कळ लिहिले गेले. ती एका शाळेचीही कादंबरी आहे, याकडे मी वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो. शाळा औंध संस्थानची. मास्तर वरून नेमलेला, वाडीला परका. शाळा भरते ती कारभाऱ्याचा विश्वास मिळाल्यावर. मास्तरचे शिक्षक म्हणून झालेले काम बऱ्याच अंशी वाडीची बोली, तिचे हिशेब, तिची भीती समजून घेण्याचे आहे. आणि वाडी अंगमेहनतीने जे उभे करते, ती असते तालीम. तालीम गावाची, शाळा सरकारची. माडगूळकर यावर भाष्य करत नाहीत, पण भेद उघडा दिसतो. शाळा वाडीची होते ती मास्तरच्या माणूसपणामुळे, व्यवस्थेमुळे नाही. म्हणून वाडी उठली आणि मास्तर निघाला की मागे काही राहत नाही. आपले बहुतेक चांगले शिक्षणकार्य असेच झाले आहे: एखादा झपाटलेला माणूस, आणि तो गेला की ओस पडलेली शाळा. हवाईच्या पालकांनीही सुरुवात झपाटलेपणानेच केली. पण तीसेक वर्षांत त्यांनी त्याचे कायदा, अंदाजपत्रक, प्रश्नपत्रिका आणि नेमणुकीचा अधिकार यांत रूपांतर करून घेतले. ही किचकट, कंटाळवाणी कामे आपल्या अस्मितेच्या कथेतून गळतात.

म्हणून मागणी नेमकी असावी. ग्रामसभेला किंवा पालकांच्या मंडळाला, घरच्या भाषेतली शाळा सार्वजनिक पैशावर, कराराने, हिशेब देऊन चालवता येईल अशी तरतूद राज्याच्या कायद्यात हवी. भाषा येणाऱ्या पण पदविका नसलेल्या माणसांना वर्गात उभे राहण्याची वाट हवी, हवाईने ती १९८६ मध्ये काढली. आणि ज्या भाषेची शाळा, ती भाषा येणाराच शिक्षक, ही अट बदलीच्या यादीवर चालायला हवी. या चौकटीचा गैरवापर होईल, शिक्षणसम्राट तिच्यातही शिरतील, ही भीती मला आहे. त्यासाठी फी नाही, प्रवेश सर्वांना, आणि मंडळात बहुमत पालकांचे, या अटी कायद्यातच लिहाव्या लागतील.

ही तरतूद मोहगावला लागेल, जतला लागेल, आणि पट घसरल्याने बंद व्हायला आलेली जी मराठी शाळा गावाला स्वतः चालवून पाहायची आहे, तिलाही लागेल. बेळगावच्या मराठी पोरासाठी आपण जे मागतो, ते जतच्या कन्नड पोराला आणि मोहगावच्या गोंड पोराला आपल्या हाताने देता येण्यासारखे आहे. त्यासाठी दिल्लीकडे किंवा बंगळुरूकडे पाहण्याची गरज नाही.